राईबाहेर ठेवलेल्या बंदुका

जितेश आणि मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एकाच शिफ्टला. बारा वर्षं एका डब्यात जेवलो, पण त्याचा तो गेम काही त्यानं मला दाखवला नाही. लढाईचा गेम तसा बाजारात कुणालाही मिळतो. हौशी लोक त्यात स्वतःचे डोंगर, गाड्या, गणवेश बनवून घालतात, त्याला मॉड म्हणतात. जितेशनं त्यात डोंगरातली, कुडपण गावाच्या अंगाची आपली वाडी बनवली होती, दगड न् दगड. ती उघडायचा पासवर्ड जगात फक्त बावीस जणांकडं. मागं त्यांच्या ग्रुपचा एक नकाशा कुणीतरी चोरून स्वतःच्या नावावर खपवला होता. तेव्हापासून नियम झाला, बाहेरच्याला दाखवलं की माणूस ग्रुपबाहेर.

"देवाचा गाभारा हाय काय रे तो?" मी चिडून विचारायचो. तो नुसता हसायचा.

मग खरी वाडी दरडीनं नेली. माणसं वाचली, घरं आणि वाट गेली. जितेशनं वडिलांना, कुशाबांना, महाडच्या खोलीवर आणलं. साठ वर्षं म्हशींमागं डोंगर चढलेला माणूस. त्यांनी जेवणच टाकलं. "वरती सोड मला," एवढंच म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर म्हातारा राहायचा नाही.

जितेशनं ग्रुपला विचारलं, माझ्या बापाला वाडी दाखवू का? उत्तर आलं, नवा माणूस घ्यायचा तर परीक्षा सगळ्यांना सारखीच. दाट धुक्यात, नकाशा न बघता, अख्ख्या पलटणीला डोंगरापार न्यायचं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, म्हाताऱ्याची थट्टा मांडलीय लेकांनी.

रविवारी दुपारी मी पेज घेऊन गेलो, तर मला भिंतीकडं तोंड करून बसवलं. नियम म्हणजे नियम. कुशाबा पडद्यापुढं, बटणं जितेशच्या हातात. बाप सांगेल ते तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत माईकवर सांगायचा. माझ्या मागं स्पीकरमधनं बूट वाजत होते, एकवीस जणांचे. कुणी केरळातला, कुणी पोलंडचा.

"सरळ नको, तिथं कडा हाय. म्हशीच्या वाटेनं घे." थोड्या वेळानं म्हणाले, "झरा हिकडं कुठनं आला रे? वरनं बघून केलंस व्हय? झरा कातळाच्या मागं." जितेश म्हणाला, "चुकलो, बाबा. उपग्रहाच्या फोटोवरनं केलं." तासभर कुशाबांच्या आवाजात एकदाही अडखळ नव्हती. चार दिवस ज्याला उठून बसवत नव्हतं, तो माणूस परक्या मुलखातल्या लोकांना हाताला धरून नेत होता.

"थांबा," कुशाबा एकदम म्हणाले. "राई आली. पायताण काढा. लोखंड बाहेर ठेवा."

आमच्याकडं देवाच्या राईत चप्पल घालून कुणी जात नाही, कोयतासुद्धा नेत नाही. जितेशनं ते माईकवर सांगितलं. बूट वाजायचे थांबले. मग खट्, खट्, खट्, कितीतरी वेळ.

"काय झालं रे?" मी भिंतीलाच विचारलं.

"बूट काढता येत नाय गेममध्ये," जितेश म्हणाला. "बंदुका खाली ठेवल्या. सगळ्यांनी."

माझ्या पायात चप्पल नव्हती, तरी मी पाय पोटाशी घेतले.

"किशोर, पेज दे रे," कुशाबा मला म्हणाले. "खाली उतरायचं हाय अजून."

मी भिंतीकडं तोंड ठेवूनच पेजेचं भांडं मागं सरकवलं.