निजवलेला राजा आणि रुक्मिणीअक्का

रुक्मिणीअक्कांची नि माझी पहिली गाठ सहावीच्या गणिताच्या वर्गात पडली. काही कळलं नाही तरी मी मान डोलवायचो. अक्कांनी खडू खाली ठेवला नि म्हणाल्या, "अय्यो, ही मान देवानं उगीच दिली काय रे तुला?" चाळीस वर्षांनी त्यांनी त्याच मानेला काम दिलं. त्यांच्या चित्रपटात मी मान डोलवणारा राजा झालो!

होय, चित्रपट! पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर अक्कांनी तंजावुरी मराठीत नवरात्राचा धमाल चित्रपट काढला. नवरात्रात घरोघरी बाहुल्यांची आरास मांडतात, त्या कोलूच्या पायऱ्यांवरच्या बाहुल्या जिवंत होतात नि घरभर गोंधळ घालतात, अशी गोष्ट. बाहुल्या म्हणजे आम्हीच, तंजावरच्या राजवाड्याजवळच्या गल्लीतली माणसं. देवनागरी आम्हांला कुठली वाचता येते! अक्कांनी प्रत्येकाचे संवाद तमिळ अक्षरांत हातानं लिहून दिले. माझे तर चष्मा पाहून चांगले ठळक.

त्यांचा हट्ट एकच होता. आपल्या मुलांना मराठी समजतं, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देतात. निदान पडद्यावर तरी एका मुलीनं आपल्या तोंडानं मराठी बोलावं. नायिका नऊ वर्षांची मीनाक्षी. शेवटच्या प्रसंगात तिला एवढंच म्हणायचं होतं, "राजा, उठा!" नऊ दिवस ते काही तिच्या तोंडून निघेना. अक्का रागावल्या नाहीत. रोज तिच्या ओंजळीत प्रसादाचं सुंडल, खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, घालायच्या नि "उद्यां बोल हो" म्हणायच्या.

विजयादशमीची संध्याकाळ. कॅमेरा सुरू, मी पायरीवर ताठ बसलेलो. शेजारच्या घरात आरतीची घंटा वाजली, तशा अक्का उठल्या, सरळ माझ्याकडे आल्या नि खांदे धरून मला चक्क आडवं केलं! जन्मभराची सवय हो. दसऱ्याच्या आरतीनंतर एक बाहुली निजवायची, मग पुढल्या नवरात्रापर्यंत तिला उठवायचं नाही.

"अय्यय्यो, काय केलं मी हे!" अक्का मटकन खाली बसल्या. "आतां याला उठवायचं नाही. संपला आपला चित्रपट."

मी डोळे किलकिले करून पाहिलं. मीनाक्षी माझ्यापाशी आली, माझंच उपरणं माझ्यावर पांघरलं नि खणखणीत म्हणाली, "राजा, निजा तुम्ही. पुढल्या वर्षी अक्का उठवतील."

कॅमेरा सुरूच होता! अक्का हसत होत्या नि रडतही होत्या. चित्रपटाचा शेवट तोच ठेवला.

तेव्हा अक्का, पंचाहत्तरी झाली म्हणून सुटी नाही. ठणठणीत राहा, शंभरी गाठा. पोरीनं शब्द दिलाय. दर नवरात्राला मला उठवायला तुम्हीच यायचं.