विनूदादाचे पाच वेढे

हे आत्ताच सांगते, नाहीतर परत हिंमत व्हायची नाही. विनूदादा गेला त्याला तीन आठवडे झाले. ‘त्याचं मोजमाप चुकलं म्हणून मार खाल्ला’ असं पारनेरमध्ये सगळे बोलतायत. खोटंय. चुकले मी!

विनूदादा माझा चुलतभाऊ. फायबर केबल तपासायचं काम त्यानंच मला शिकवलं. तिच्या आतल्या काचेच्या तारेत सगळा उजेड एकाच वाटेनं जात नाही. थोडा मधून सरळ जातो, थोडा कडेकडेनं आपटत, आणि हा कडेचा उजेड तारेत जोड आला की गळतो. म्हणून पलीकडे किती उजेड पोचतो ते मोजायच्या आधी दादा तारेचे एका गुळगुळीत दांडीला पाच वेढे घ्यायचा, कडेचा उजेड तिथंच झडायचा. "आधी हे उपरे हाकल वैशे, मग मीटर लाव. न्हाईतर चांगल्या केबलला फाशी देशील." मी हसायचे...

त्या दिवशी श्रीगोंद्याकडच्या एका शुगर फॅक्टरीत वजनकाट्याचे आकडे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसेनात. म्हणून काटा बंद ठेवलेला. उसाच्या ट्रॉल्या दोन दिवस उन्हात उभ्या, माणसं पेटलेली. दादा ऑफिसात केबलच्या एका टोकाला, मी काट्यापाशी दुसऱ्या टोकाला मीटर घेऊन. घाईत वेढे घेतलेच नाहीत. मीटरवर निम्म्याहून जास्त उजेड गायब! मी तिथनंच ओरडले, "दादा, केबल सडलीय! कधीपासनंच!"

एक जण ट्रॉलीवरून खाली उतरला. "कधीपासनं? म्हंजी आमची वजनं बी खोटीच व्हय?"

अहो, वजन काट्यावरच ठरतं, केबल नुसता आकडा पोचवते! पण ऐकतंय कोण. काट्याच्या केबिनच्या काचा फुटल्या, काटेवाल्याला कॉलर धरून ओढलं, कुणीतरी माझी वेणी हाताला गुंडाळली. "हिनंच सांगितलं, हिला इचारा!" दादा पळत आला. मीटरला लावलेली सरळ तार त्यानं पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि मध्ये घुसला. "सोडा तिला! पोरगी शिकाऊ हाय. मोजलं मी, चुकलो मी. केबल चांगली हाय!"

"मगाशी सडली हुती, आता चांगली झाली व्हय रं?" आणि लोखंडी पहार... माझ्या तोंडावर रक्त उडालं. दादा खाली पडल्यावरही ते लाथा घालत होते. चौथ्या दिवशी नगरच्या दवाखान्यात तो गेला.

परवा परत जाऊन वेढे घेऊन मोजलं. केबल ठणठणीत. बिघाड केबिनमधल्या, काट्याचे आकडे उजेडात बदलणाऱ्या एका डबीत होता.

काल वहिनीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. उठली, पिठाच्या हातानं कानाखाली दोन दिल्या, केसांना धरून उंबऱ्याबाहेर ढकललं. "माझ्यापाशी काय रडती? आता गावाला सांग. समद्यांना सांग."

म्हणून लिहिलं. तुमची चूक कुणी अशी अंगावर घेतलीय का कधी? मग त्याच्या घरच्यांसमोर तुम्ही कसे उभे राहिलात?