समुद्रावर नेलेलं पाणी

नणंदेच्या नवऱ्यावर मी सात वर्षं डूख धरून होते. घरचे जावई, त्यामुळे तोंडावर बोलायची सोय नाही. सण आला की लातूरच्या आमच्या घरी त्यांना पाटावर बसवायचं, वाढायचं, हसायचं. मी हसत होतेच, फक्त विसरत नव्हते.

गोष्ट माझ्या मुलाच्या जावळाची. कार्यक्रम रेणापूरला, माझ्या माहेरी होता. उन्हाळा होता, टँकर आठवड्यानं यायचा. भावजी, म्हणजे हेच जावई, रत्नागिरीहून एवढा प्रवास करून आले म्हणून आई स्वतः पाणी घेऊन पुढं आली. आमच्याकडं पाहुण्याला पेला अर्धाच भरून देतात आणि तो रिकामा झाला की विचारतात, "अजून देऊ का?" पाहुण्यानं हवं तितक्यांदा हो म्हणावं. उष्टं पाणी फेकायची वेळ येऊ नये, एवढंच त्यात आहे. पण आईनं विचारायच्या आतच भावजींनी पेला सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हे प्यायला दिलंय की आचमनाला? आमच्याकडं यापेक्षा जास्त पाणी मासळीच्या पाटीतून गळतं."

अख्खा मांडव हसला. माझा नवराही हसला, त्याला मी नंतर बघून घेतलं. आई आत निघून गेली. त्या दिवसापासून घरी कुणीही आलं तरी ती पाणी घेऊन बाहेर येत नाही. भावजयीला पाठवते आणि स्वतः आत ओट्यापाशी काहीतरी करत राहते. जिनं दुष्काळातसुद्धा दारचा माणूस तहानलेला जाऊ दिला नाही, तिला एका फुकटच्या विनोदानं आत बसवलं. हे मी का विसरावं?

यंदा दिवाळीनंतर भावजींनी आम्हाला बोलावलं. अख्खी होडी फक्त आपल्यासाठी ठरवली आहे, सकाळभर गळ टाकून मासे धरायचे, म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. त्यांच्याच समुद्रात त्यांच्यापेक्षा मोठा मासा धरायचा, तो त्यांच्या नाकासमोर नाचवायचा आणि चार शब्द ऐकवायचे, असा माझा बेत होता. मासा धरतात कसा, हे ठाऊक नव्हतं. रागात एवढा बारीक विचार होत नाही.

निघताना गाडीत तोटीचा पाण्याचा जार आणि स्टीलचा पेला घेतला. आम्ही लग्नाला निघालो तरी पाणी बरोबर असतं, ती सवयच आहे. तोच जार घेऊन मी धक्क्यावर उतरले, तेव्हा भावजी पोट धरून हसले.

"समुद्रावर पाणी! वहिनी, लातूर काही सुटत नाही तुमचं."

नणंद ओशाळून दुसरीकडं बघायला लागली. भावजींनी माशांसाठी बर्फाची भलीमोठी पेटी आणली होती. तिला जागा होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या पाण्याच्या बाटल्यांचा खोका गाडीतच ठेवला. मी मात्र जार पायांत घट्ट धरून बसले.

किनारा दिसत होता एवढ्या अंतरावर तांडेलानं, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्हाताऱ्यानं, इंजिन बंद केलं आणि गळाला कोळंबी लावायला शिकवलं. दोरी बोटावर घ्यायची, तळाला शिसं टेकलं की हातभर वर ओढायची. अर्ध्या तासात मला एक शिंगाळा मासा लागला. "बाई, हात लावू नका, काटा वाईट असतो," म्हणत तांडेलानंच तो सोडवला. वीतभर होता. सूड घेण्याजोगा नव्हता.

सूड दुसरीकडून आला. थांबलेली होडी जास्त डुलते. भावजींचा जन्म समुद्राकाठी गेला खरा, पण कचेरीच्या खिडकीतून तो बघण्यात. त्यांना होडी लागली. दोनदा ओकले, तांडेलाची एकुलती बाटली चुळा भरण्यात संपवली. ऊन चढलं, ओठ सुकले. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला घोट नाही. त्यांनी जारकडं बघितलं. मी समुद्राकडं बघत राहिले. मला फार बरं वाटत होतं, कशाला लपवू?

"वहिनी, जरा पाणी..."

मी पेला बरोबर अर्धा भरून दिला. त्यांनी आधी पेल्यात बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना आठवलं. एका घोटात संपवून त्यांनी पेला पुढं केला. मी मुद्दाम विचारलं नाही. किनारा जवळ असल्यानं मोबाइलला रेंज होती. आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"आई, होडीत हाव आम्ही. भावजी पाणी मागायलेत. अर्धा पेला दिला, तर अजून मागतेत. देऊ का?"

नवरा "अगं" म्हणाला. त्याच्याकडं मी बघितलंही नाही. मला वाटलं, आता आईच्या तोंडून सात वर्षांचं सगळं बाहेर पडेल.

"येडी हायस का गं? तहानल्या माणसाला ताटकळत ठिवतेत का?" आई म्हणाली. "दे लवकर. आन् काठोकाठ भरून दे. पाव्हन्यांना अर्ध्याची सवय न्हाई."

हे ती भोळेपणानं बोलली की कसं, ते मी अजून विचारलेलं नाही. भावजींनी मान खाली घातली. मी तोटी सोडून पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्या हातात दिला. तेवढ्यात लाट आली. पेला तोंडाशी पोचेपर्यंत पाणी त्यांच्या पँटीवर सांडलं आणि आत अर्धंच उरलं.

"अजून देऊ का?" मी विचारलं.