येळवशीच्या बैलाची आंघोळ

ऐक गं पोरी, लगेच फोन ठेवू नको. गेलीस ती गेलीसच की! फोन केलास तरी आधी दगडाची चौकशी. या म्हातारीची विचारपूस करायला जीभ अडती व्हय?

गेल्या साली मी मंद्रूपच्या बाजारातून परत आले, तर तू आमच्या शेतातल्या मोठ्या दगडापुढं गुडघ्यावर बसलेली. मला वाटलं, नवस बोलतीय कुणीतरी.

"आजी, ह्याला चुना कुणी लावला?"

"मी. माझ्या आधी सासूनं."

येळवस म्हणजे आमची शेतात जेवायची अमावस्या. त्या दिवशी दगडाला चुना लावायचा, वर लाल कावेनं बैल काढायचा, ही घरची रीत. तू कपाळाला हात लावलास. चुन्याचा एक पोपडा निघाला होता, तिथं मला बोट लावायला सांगितलंस. खाली शिंग होतं, कोरलेलं! लई जुन्या माणसांनी दगडानं दगड ठोकून काढलेलं, म्हणालीस. अख्खा बैल बघायचा, कागदावर उतरवून घ्यायचा, त्यासाठीच तू गावोगाव हिंडत होतीस. अन् आमी त्यावर थरावर थर चढवलेले.

माझी जाऊ फणकारली, "चुना म्हंजे देवाचं कापड, ते फेडायचं व्हय? ज्वारी पोटऱ्यात आलीया, कणसं निघायचीत अजून. काय इपरीत झालं म्हंजे?"

तुझं तोंड एवढंसं झालं. भ्या तर मलाबी वाटत होतं. पण तोंडातून निघून गेलं, "अगं, आंघोळीला कुणी कापडं घालून बसतं का? सणाआधी आपण त्याला धुतोच की. औंदा जरा नीट धुवू."

जाऊनं पाण्याची घागर आणून आदळली.

मी काथ्या घेतला, तर तू हात धरलास. मऊ कुंचल्यानं, ओल्या फडक्यानं, तान्ह्या लेकराला न्हाऊ घालावं तशी दुपारभर धूत बसलीस. बैल निघाला. आणि त्याच्या पोटाशी वासरू!

"अगं बया," जाऊ म्हणाली, "इतकी वर्सं वासराच्या तोंडात चुना कोंबला की आपण!"

आता पुन्हा चुना नको, रेघा बुजतात, तू हात जोडलेस. पण सणाला देव उघडा कसा ठेवायचा? मी घरातली कोरी चादर आणून पांघरली. जाऊनं नाक मुरडलं, पण बाजरीचे उंडे अन् भज्जी तिनंच पुढं ठेवली. आंबील पिताना तू तेही सगळं लिहून घेतलंस.

आता पुन्हा येळवस आलीय आणि जाऊनं चुना भिजत घातलाय. "एक साल चादर चालली. देव काय पाव्हणा हाय?" म्हणती. माझं ती ऐकत न्हाय. तुझं ऐकेल, वासरावर जीव जडलाय तिचा. तुझं काम अजून उरलंय म्हणतेस, ते फोनवर नको सांगू. हितं येऊन तिच्यापुढं सांग. अमावस्येच्या आधी ये गं पोरी, अन् चार दिवस राहायलाच ये.