भास्करची दोन खोकी

भास्करकडे गाणं ऐकायला गेलेल्या माणसाला आधी सरकवलं जायचं. "अजून जरासे इकडं या. लय झालं. आता मांगं व्हा." पाहुणा खुर्चीसकट मनासारख्या जागी आला की मगच तो तबकडीवर सुई ठेवायचा. तोवर चहा निवून जायचा.

हा भास्कर माझा साडभाऊ. माझ्या बायकोची थोरली बहीण त्याला दिलेली. तो अकोल्याला जठारपेठेत राहायचा, मी अमरावतीला, आणि आमचे सासरे, मामाजी, बाळापूरला कापूस पिकवायचे. स्पष्टच सांगतो, हा माणूस मला जन्मभर सलला. मामाजी मला 'जावाईबापू' म्हणायचे, पाटावर बसवायचे, माझ्या ताटाभोवती बायकांना रांगोळी काढायला लावायचे. त्याला मात्र 'अरे भास्कर' अशी हाक. मान माझा आणि माया त्याची! मला कधीतरी 'अरे वसंता' ऐकायचं होतं.

माझ्याकडे एकच हुकमाचा पत्ता होता. सासरच्या गोतावळ्यात पहिला रेडिओ मी घेतला होता. त्याच्यापायी मामाजी अमरावतीला येऊन मुक्काम ठोकायचे. तेवढंही भास्करला बघवलं नाही. साठचं दशक सरत आलं तेव्हा परदेशातून आलेल्या एका मित्राकडून त्यानं स्टीरिओचा रेकॉर्डप्लेअर मिळवला. स्पीकरची दोन लाकडी खोकी घरीच ठोकली. आवाज घुमू नये म्हणून आत कापूस भरला. कापूस कुणाचा? मामाजींच्या वावरातला, त्यांनी स्वतः बैलबंडीतून आणून दिलेला. उरलासुरला भरून दिवाळीला मला गादी आली. त्या गादीवर मला कधी धड झोप लागली नाही.

चॅनल म्हणजे काय, असं कुणी विचारलं की भास्करची कळी खुलायची. "चॅनल म्हंजे पाट. इहीर एकच, पाट दोन. दोन्ही पाटाचं पानी जिथं भेटते, तिथं बसाचं. बास म्हंजे पोटातला आवाज, ट्रेबल म्हंजे दातातला." हे सगळं मी अमरावतीत माझं म्हणून खपवलं, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे जमलो. मामाजींना मधल्या खुर्चीत बसवलं. सतार सुरू झाली. मामाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सतार त मस्त हाये. पन तबलेवाल्याले आंगनात काहून बसवलं?"

मामाजींचा उजवा कान लहानपणीच गेला होता आणि तबला नेमका उजव्या खोक्यात. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! देव आहे, याची खात्री पटली.

भास्कर उठला. उजवं खोकं उचलून त्यानं मामाजींच्या डावीकडे, थोडं मागे आणून ठेवलं, आणि स्वतः त्यांच्या उजवीकडच्या खुर्चीत बसला.

"अहो, मग स्टीरिओ कुठं राहिला?" मी म्हणालो. "आम्हाला सगळं एकाच अंगानं येतंय."

"वसंतराव, ज्याच्यासाठी लावलं, त्याच्या कानानं लावा लागते."

मामाजींची मान डोलायला लागली. मी जळून कोळसा झालो.

भास्कर फार जगला नाही. काविळीचं निमित्त झालं आणि गेला. ताईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, गाण्याचं सगळं सामान मला देऊन टाकलं. "मले पाह्यवत नाई, वसंतराव. तुमी घेऊन जा."

पुढे मामाजी अमरावतीला आले. मी दोन्ही खोकी त्यांच्या डावीकडे मांडली, त्यांची खुर्ची सरकवली, सुई ठेवली. सतार आली, पाठोपाठ तबला आला. मी बटनाशी उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आज तरी 'अरे वसंता' निघेल.

बराच वेळ ते डोळे मिटून होते. मग उजवीकडे वळले. तिकडे एक रिकामी खुर्ची होती.

"भास्कर, आवाज थोडा कमी कर रे बाबू."

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी केला. बटनाशी मी होतो. मी आवाज कमी केला.

"हां, आता बराबर," मामाजी त्या खुर्चीला म्हणाले.