डासांच्या पिंजऱ्यावरची फुंकर

परवा कोथरूडच्या घरी अभ्यास करताना लेक म्हणाली, "बाबा, डासांना सोंडेजवळच्या अवयवांनीही आपला श्वास कळतो." मला एकदम कॉलेजच्या प्रयोगशाळेतला स्पिरिटचा वास आला.

प्रयोगातली माझी जोडीदार सुनंदा डासांच्या मिशा, म्हणजे आम्ही ज्यांना त्यांचं नाक समजायचो त्या, कापून पिंजऱ्यावर फुंकर घालायची. तिच्या नोंदींप्रमाणे तरीही डास उठायचे. ती आकडे रचते, असा मला संशय आला आणि मी सरांना सांगितलं.

"काय हो बाई, नाक कापल्यावरही वास येतो डासांना?"

"सर, आपण एकदा फुंकून बघा ना."

सरांनी न बघताच तिच्या वहीवर काट मारली. तिने तो विषयच सोडला.

काट मारली त्याच संध्याकाळी मी एकट्याने तिच्या पिंजऱ्यावर फुंकर घातली. डास उठले. तिने डास बदलले असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि गप्प राहिलो.