बाबांनी मासोळी सोडली

"चहात दूध नको" हे आमच्या घरात पहिल्यांदा कोणी म्हटलं असेल तर त्या गायकाने. आम्ही कोराच चहा प्यायचो. नको म्हणून नव्हे, दूध नव्हतं म्हणून. तो आला की माय शेजारून पेलाभर दूध मागून आणायची. त्या दिवशी त्याने कपावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "वयनी, आजपासून दूध बंद. दही, तूप, अंडं, मध, मटन, मासोळी, सारंच बंद."

मायने दुधाचा पेला परत झाकला. मग म्हणाली, "भाऊ, आमचं तं जन्मापासून अर्धं बंदच हाये. आमचा काऊन कोनी सत्कार नाई केला?"

तो मोठ्याने हसला. हसायचा छान. आज हे लिहितानाही मला त्याचा राग येतो, आणि तो हसायचा छान हेही खरंच आहे.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशापासून ब्रह्मपुरीपर्यंत गावोगावी मंडप पडतात, पाहुणे येतात, आणि ज्या गावात नाटक नाही त्या गावाची सोयरे थट्टा करतात. तो या साऱ्या पट्ट्यातला सगळ्यात मोठा गायक. पानठेल्यावर त्याच्या कॅसेटी वाजायच्या. तो ज्या नाटकात असेल तिथे लोक बैलगाड्या जुंपून यायचे आणि तिकीट न मिळालेले मंडपाच्या कुडाबाहेर बसून ऐकायचे. त्याच्या डाव्या हाताला ढोलकीवर बाबा. वर्षाचे बाकीचे महिने बाबा गावच्या तलावात जाळं टाकायचे, नाहीतर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत मजुरीला जायचे. पण कोणी विचारलं की सांगायचे, "मी ढोलकी वाजवतो." जाळ्याचं नावसुद्धा काढायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, मासोळी घरात आपोआप येते.

त्या गायकाने हे सगळं का सोडलं, ते त्याने हंगाम संपल्यावर आमच्या छपरीतच सांगितलं. एका गावी नाटक करून तो यजमानाकडे उतरला होता. सकाळी तोंड धुवायला मागच्या अंगणात गेला तर घरधनी म्हैस दोहत होता. तिचं रेडकू मेलेलं. म्हैस पान्हा सोडेना, म्हणून त्या रेडकाच्या कातड्यात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून ते तिच्यापुढे उभं केलेलं. ती ते चाटत होती आणि खाली भांड्यात धार पडत होती. आमच्याकडे हे कोणी पाहिलं नाही असं नाही. सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तो तिथे उभा राहिला आणि त्यानंतर त्याच्या घशाखाली चहा उतरेना.

"मग मी इचार केला," तो बाबांना म्हणाला, "मी दुसरं काय करून राह्यलो? मीबी कातड्यापुढेच गाऊन राह्यलो. बकऱ्याच्या कातड्यावर थाप पडते आन मी त्याच्यावर पिरमाचे गाने म्हणतो. आता नाई जमत, भाऊ. यंदापासून ढोलकी नाई, तबला नाई."

बाबा त्याच्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, थट्टा चालली आहे. पण त्याने नागपूरहून एक पोरगा ठरवलासुद्धा होता. त्याच्याजवळ ऑक्टोपॅड होता. प्लास्टिकच्या पाटीवर चौकोन आखलेले, त्यांवर काड्या मारायच्या, की कर्ण्यातून ढोलकीचा आवाज येतो. गायकाने बाबांनाही म्हटलं, शिका, पैसे तेवढेच देतो. बाबा वडशाला जाऊन एक दुपारभर त्या पाटीपुढे बसले. घरी येऊन ढोलकी काढून बसले. माय मागेच लागली तेव्हा म्हणाले, "हाताले काई लागतच नाई."

तो माणूस ढोंगी असता तर आमचं बरं झालं असतं. दोन शिव्या घालून मोकळे झालो असतो. पण त्याने चामड्याच्या चपला टाकल्या आणि ऐन थंडीत प्लास्टिकच्या स्लिपरा घालून फिरू लागला. रेशमी दुपट्टे वाटून टाकले. शंकरपटाच्या दिवशी जिथे बैल धावतात तिथे गायचं नाही म्हणाला, आणि हंगामातले चांगले चांगले प्रयोग त्याने हातचे घालवले. कोणाच्या पंगतीत बसला तर भात, लाखोळीचं वरण आणि मीठ. लोक त्याला आधी हसले आणि मग पाया पडू लागले. आमच्याकडे हसण्यात आणि पाया पडण्यात फार अंतर नसतं.

आता बाबांचं ऐका. त्यांना चामड्याची गोष्ट पटलीच नाही. चुकीची वाटली असं नव्हे, खरी वाटली नाही. इतकी वर्षं ज्याच्या बाजूला बसलो तो कातड्यापायी सोडून देईल? कसं शक्य आहे? बाबांच्या मते हे सांगायचं कारण होतं, खरं कारण वेगळंच. आमच्या गावात कोणाला पंगतीतून उठवायचं असेल तर कोणी उठ म्हणत नाही, पत्रावळी कमी पडल्या म्हणतात. बाबांनी तोच हिशेब लावला. मागच्या हंगामात गायक भात-मीठ खाऊन उठायचा आणि त्याच पंगतीत बाबा मटणाची दुसरी वाढ घ्यायचे. तेच ते.

"त्याले माह्या हाताचा वास येते," बाबा म्हणाले. "ज्या हातानं खातो त्याच हातानं वाजवतो. मोठा मानूस हाये, तोंडावर कसा म्हणन?"

"बाबा, त्यानं सरळ सांगितलं नं, कातडं म्हणून!" मी म्हटलं. तेव्हा मी गडचिरोलीला डी.एड.ला होते, सुट्टीत घरी आले होते, आणि मला वाटायचं की सरळ सांगितलेली गोष्ट माणसाला सरळ कळते.

बाबांनी मासोळी सोडली. मटण, अंडं, दूध, त्याने सोडलेलं सगळं त्याच क्रमाने सोडलं. ज्या तलावावर आमचं पोट चालायचं त्या तलावाकडे फिरकणंही सोडलं. जाळं मायच्या हाती आलं. ती काठाकाठाने जमेल तेवढं धरायची आणि टोपली घेऊन गावोगाव विकायची. घरात मासोळी शिजली की बाबा बाहेर निंबाखाली जाऊन बसायचे. ढोलकी मात्र रोज काढायचे. पुसायचे, दोऱ्या ओढायचे, थोडी वाजवायचे आणि परत खोळीत घालायचे.

माय भडकायची. "गाव खाते, देव खाते, देवीले बोकड चालते. तुमालेच काऊन नाई चालत?"

"हंगाम येऊ दे," बाबा म्हणायचे. "बोलावन तो."

हंगाम आला आणि गेला. कोणी बोलावलं नाही. पुढच्या दिवाळीला जवळच्या गावच्या मंडईत गायकाचा कार्यक्रम ठरला. मंडई म्हणजे भाऊबीजेनंतर भरते ती दिवसाउजेडीची जत्रा. दंडारीचं नाचगाणं असतं, जिलेबी असते, जावई-लेकी येतात. बाबा सकाळीच आंघोळ करून, खोळ खांद्याला लावून निघाले. आम्ही मायलेकी मागून. ते मंचापुढे पहिल्या रांगेत बसले, ढोलकी पायाशी.

गायक आला. बाबांना पाहून खाली उतरला. बाबांनी त्याचा हात धरून सांगितलं, की मीही सोडलं, सारं सोडलं, वर्ष होऊन गेलं. मी त्याचा चेहरा पाहत होते. एवढा आनंद मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. त्याने बाबांना मिठी मारली, हाताला धरून मंचावर नेलं आणि माईक घेतला. "लोकहो, मी सोडलं त्याचं काई नाई. माह्याकडे पैसा हाये, कोनीबी मले रांधून देते. हा मानूस तलावावर जगते. यानं सोडलं! याले म्हणतात सोडनं!"

मंडई टाळ्यांनी दणाणली. बाबांच्या खांद्यावर सुती दुपट्टा आला, हातात नारळ आला. मग त्यांना हाताला धरून खाली आणलं, मागे नागपूरच्या पोराने काड्या उचलल्या आणि गाणं सुरू झालं. बाबा शेवटपर्यंत पहिल्या रांगेत बसून होते, मांडीवर नारळ घेऊन.

परतीच्या वाटेवर माय म्हणाली, "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटनं राह्यलं." बाबा तिच्यावर ओरडले. तिला काही समजत नाही म्हणाले. हजार माणसांपुढे ज्याला वर नेलं त्याला कोणी असंच सोडतं का? आता बोलावणं येणार म्हणजे येणारच. मला त्या दिवशी कळलं की बाबा आता यातून सुटत नाहीत. आतापर्यंत नेम त्यांच्या एकट्याचा होता, मनात आलं असतं तर मोडता आला असता. आता तो साऱ्या मंडईचा झाला होता.

तो हंगामही तसाच गेला, आणि उन्हाळ्यात बाबांना खोकला सुरू झाला. अंगावरची बंडी ढिली दिसू लागली. माय आणि मी त्यांना एसटीने गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेलो. टीबी निघाला. डॉक्टर भला माणूस होता, त्याने मायला नीट समजावलं. गोळ्या आपलं काम करतील, पण अंगात काही नसेल तर गोळ्या कोणावर काम करणार? अंडं द्या, मासोळी द्या, दूध द्या, तलाव आहे तुमचा. बाबा सगळं मान हलवत ऐकून घेत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ते नाई होत. मंडईत सांगितलं हाये."

मी रडले, भांडले. मायने एकदा वरणात अंडं फेटून टाकलं. पहिल्या घासालाच त्यांना कळलं. त्यांनी तो घास थुंकला, ताट सरकवलं, आणि त्या दिवशी पाणीदेखील घेतलं नाही. मायने पुन्हा तसं केलं नाही. गोळ्या घेत होते, नियमाने घेत होते, आणि वाळत होते.

शेवटी मी गायकाच्या घरी गेले. त्याच्या घरात मुंबईच्या कोणा स्टुडिओची माणसं बसलेली होती. त्यांना सोडून तो बाहेर आला. मी म्हटलं, "काका, ते कोनाचंच ऐकत नाई. तुमी एक शब्द टाका. खा म्हणा. बस." त्याने बाबांची तब्येत विचारली. मग म्हणाला, "येतो."

आला. आखाडी होऊन गेली होती, तलाव भरला होता. येताना त्याने सफरचंदं आणली, शेंगदाणे आणले, सोयाबीनचं पीठ आणलं. मायने त्या सकाळी स्वतः धरलेल्या मासोळीचा रस्सा केला होता. वाटी तिने मुद्दाम बाबांच्या खाटेशी आणून ठेवली. बाबा उठून बसायची धडपड करू लागले, त्याने त्यांना निजवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. त्याचे डोळे भरून आले होते. ते पाणी खरं होतं.

"भाऊ, तुमचंच ऐकते ते," माय म्हणाली. "सांगा त्याईले."

"भाऊ," तो म्हणाला, "तुमचा जीव वाचला पायजे. डॉक्टर सांगते तसं करा."

"डॉक्टर तं अंडं सांगते, मासोळी सांगते," बाबा म्हणाले. "तुमी काय सांगता?"

वाटीतून वाफ निघत होती. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, म्हण. एवढी गाणी म्हणतोस, हे एक म्हण. त्याचे ओठ हललेही. मग त्याने मान हलवली.

"माह्या तोंडातून नाई निघत, भाऊ. मले माफ करा."

बाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. परीक्षेत पास झालेल्या पोराच्या चेहऱ्यावर येतं तसं. "मले ठाऊकच होतं," ते म्हणाले. "पाहून राह्यले होते तुमी मले. मी नाई मोडत. यंदा हंगाम कधी सुरू करता?"

मी त्याच्याकडे पाहिलं. अजूनही वेळ होती. खरं सांगितलं असतं, की ढोलकी माझ्यापुढे आता कधीच वाजणार नाही, तू खा नाहीतर उपाशी राहा, तुला मी नेणार नाही, तर बाबा चिडले असते, रडले असते, आणि कदाचित जेवलेही असते. त्याने बाबांच्या हातावर हात ठेवला.

"दिवाळीच्या पाडव्याले निघू," तो म्हणाला. "तुमी बरे व्हा. मी घ्यायले येतो."

खा म्हणणं त्याला जमलं नाही. खोटं बोलणं जमलं. मी त्याला दयाळू म्हणणारी माणसं नंतर खूप ऐकली, आणि मी कोणाशी वाद घातला नाही, कारण तो दयाळू होताच.

तो गेला. बाबांनी वाटी बोटांनी मायकडे सरकवली. "हे ने इथून," ते म्हणाले. "आन ढोलकी आत कोरड्यात ठेव. पाडव्याले निघायचं हाये."

माय वाटी घेऊन चुलीपाशी गेली. आमच्यात मासोळी टाकून देत नाहीत. तिथेच बसून तिने ती खाल्ली. काटे काढत, डोळे पुसत, सगळी खाल्ली. बाबा पोळ्याच्या आधीच गेले.